डॉक्टर पत्तीवारांची पेटी

समस्त सज्जनांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, अहेरीच्या एका दवाखान्यात माणसाच्या गालातली कर्करोगाची गाठ कोंबडीच्या अंड्यात वाढवण्यात आली होती. हसू नका. मी तिथे कंपाउंडर होतो आणि त्यापायी शिव्या खाल्ल्या आहेत.

वाढवणारे डॉक्टर पत्तीवार. अंडी उबवायला एक लाकडी पेटी, आत कंदील, वर थर्मामीटर. पेटीला कुणी हात लावला की डॉक्टर गरजत, "दार लावा, नाहीतर जीव घेईन!" हे एकदा तहसीलदारांनीही ऐकून घेतले. डॉक्टरांचे घर शाकाहारी, अंड्यांपायी आईने त्यांचे ताट पडवीत हलवले. नागपूरच्या वरिष्ठांनी तर लिहूनच पाठवले : गाठ अंड्यात सडते, वाढत नाही, येऊन पाहतो आणि पेटी बंद करतो.

"पिल्लाला अजून आपलं-परकं कळत नाही, म्हणून ते गाठीला थारा देतं," डॉक्टर म्हणत. "नागपूरकरांना फार कळतं, म्हणून मला देत नाहीत."

अंडी आणायची आठवडी बाजारातली सखूबाई. डॉक्टर तिला कजाग म्हणत, ती त्यांना कोंबडा.

डॉक्टरांनी दहा दिवस उबवलेल्या बारा अंड्यांना खिडक्या कापल्या, गाठीचे कण आत ठेवले, वर काच बसवून मेण लावले. खिडकी वरच राहायला हवी होती, उलटली की कण सुटून पडत. नागपूरकर यायच्या आदल्या दुपारी डॉक्टर जेवायला गेले, मी मागे बाटल्या धूत होतो. डॉक्टर परतले तेव्हा सखूबाईने अकरा अंडी उलटी करून ठेवली होती, बारावे उचलायला हात घातला होता.

"हे काय केलंस?"

"कोंबडी रोज फिरवते, तुमी काऊन नाई फिरवत? पिल्लू टरफलाले चिकटून मरते ना!"

"तुलाच पेटीत घालीन!"

"घाला! कंदिलात घासलेट मीच टाकीन!"

अकराही गेली.

दुसऱ्या दिवशी नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांनी उरलेल्या एका अंड्यात उभ्या उभ्या डोकावले. "मेलेलं मांस. पेटी मोडा."

भांडायला म्हणून दारात आलेली सखूबाई साहेबांना कोपराने बाजूला सारून पुढे झाली. या वेळी खिडकी वर ठेवूनच तिने अंडे उन्हाच्या पट्ट्यात नेले, एक डोळा मिटला आणि किंचाळली,

"अगं माय! गाठ मेली कुठी? चारी बाजूनं शिरा ओढून लेकराचं रक्त पिऊन राह्यली ना हे!"