गॅलरीकडे सरकणारा पलंग
काल शेजारी भाड्याचा चाकांचा पलंग आला आणि त्याच्या रबराचा वास जिन्यात पसरला. तसाच पलंग आम्ही सदाशिव पेठेतल्या फ्लॅटमध्ये सासऱ्यांसाठी आणला होता. ते भौतिकशास्त्राचे निवृत्त शिक्षक. कमरेखाली हालचाल उरली नव्हती. औषधं, जेवण, कूस बदलणं, सगळ्याच्या वेळा मी फ्रिजवर लावल्या होत्या. तरी दुपारी जाग आली की ते म्हणायचे, "मला कुणीतरी गॅलरीकडे ओढतंय." नवरा म्हणाला, "बाबा, भास होतायत. डॉक्टरांना सांगून झोपेची गोळी वाढवू." "वाढवा," ते म्हणाले, "म्हणजे मी बोलायचाही बंद होईन." मलाही तीच धास्ती होती. म्हणून एका दुपारी मी चाकांपाशी खडूने रेघ मारली, चारही ब्रेक दाबले आणि तिथेच बसले. थोड्या वेळाने रबर फरशीवर घासल्याचा बारीक आवाज आला आणि चाकं न फिरताच रेघ ओलांडून गॅलरीकडे सरकली. सासरे जागे होते. "फरशीला उतार असेल," मी कसंबसं म्हणाले. "गोटी ठेवून बघ." मी मुलाची गोटी आणून ठेवली. ती घरंगळत स्वयंपाकघराकडे, म्हणजे नेमकी उलट दिशेला गेली. वर्गात बरोबर उत्तर मिळाल्यावर हसत असतील तसे सासरे हसले. "म्हणजे गुरुत्वाकर्षण नाही. बल दुसरंच कुठलं तरी आहे. आता ब्रेक काढ, सूनबाई. कुठवर नेतंय ते बघू." मी पाटा आणून चाकाला टेकवला. गोळी मात्र वाढवू दिली नाही. ते बल कुठलं, हे मला अजून कळलेलं नाही. एवढंच कळतं, की त्या खोलीत घाबरलेली मी एकटीच होते.