गळका

इंग्लंडातल्या बॅरो गावात माणसाला चोर म्हणा, दारुडा म्हणा, हसून सोडून देईल. गळका म्हणालात तर जन्मात तुमच्याशी बोलणार नाही. गावच पाणबुड्या बांधणाऱ्यांचं. गोदीत ज्यानं बसवलेल्या पाणबुडीच्या सांध्यातून पाण्याचा थेंब आला त्याला हा शब्द चिकटायचा, तो थडग्यापर्यंत सुटायचा नाही. लेन फेलनं उभी हयात सांधे बसवण्यात घालवली, त्याला कधी चिकटला नाही. चिकटला तो मेल्यावर. आणि चिकटू दिला त्याच्या जिवलग दोस्तानं, अर्नी वुडबर्ननं.

अर्नी गोदीतला वायरमन. निवृत्त झाल्यावर गोदीतली सगळी म्हातारी मंडळी दर रविवारी पार्कातल्या तळ्यावर जमायची आणि रेडिओवर चालणाऱ्या हातभर लांबीच्या पाणबुड्या सोडायची. खेळणी म्हणायची सोय नाही, लगेच तोंडं फुगतात. या बोटींचे स्विच अर्नी स्वयंपाकघरातल्या टेबलावर डाग देऊन बनवायचा. काठावरून बोटीतल्या रेडिओला मिळणारा संदेश तुटला की स्विच आपोआप पंप चालू करतो, पंप पोटातलं पाणी बाहेर फेकतो आणि बोट वर येते. अर्नीचा स्विच म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं सगळे म्हणायचे. अर्नी स्वतःही तेच म्हणायचा, तिथंच घोडं अडलं.

लेनची बोट तो गेला तेव्हा स्विचवाचून अडून होती. त्याची बायको डॉरीन म्हणाली, "अर्नी, एकदा तरी बुडी मारू दे रे तिला. मग मी ती कपाटावर ठेवीन." अर्नीनं स्विच बनवला, घरच्या रेडिओवर तपासला आणि लेनच्या बोटीत बसवला. लेनच्या रेडिओवर तपासला नाही. आता तेच तेच काय तपासायचं?

रविवारी बोट झोकात पाण्याखाली गेली. तळ्यातल्या बेटाजवळ रेडिओचा संदेश तुटला. सगळे वर येण्याची वाट बघत राहिले. चार बुडबुडे आले, बोट काही आली नाही.

अर्नीला तिथल्या तिथं कळलं. त्याच्या घरचा जुना रेडिओ संदेश तुटला की गप्प बसतो, आणि ती शांतता ऐकूनच स्विच जागा होतो. लेनचा रेडिओ निराळ्या जातीचा. संदेश तुटला तरी तो शेवटचा हुकूम घोकत राहतो, आणि शेवटचा हुकूम होता, खाली जा. लेननं हे कधीतरी सांगितलंही होतं. अर्नीनं मान हलवली होती आणि विसरला होता.

तो तोंड उघडणार, एवढ्यात त्यांच्यातलाच सिरिल बेन्सन टोपी काढून म्हणाला, "वाईट वाटतं बोलायला, पण पाणी शिरलं असणार. शेवटी शेवटी लेनचे हात थरथरायचे."

"म्हणजे गळकी निघाली?" कुणीतरी विचारलं.

काठावर उभी डॉरीन अर्नीकडे बघत होती. अर्नी बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. नाडी बांधलेलीच होती.

घरी भाजलेलं मटण ताटात गार झालं. स्वतःची लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त, सिरिल बोलला तेव्हा आत कुठंतरी सुटल्यासारखं वाटलं होतं, त्याची. सकाळी तो कमरेपर्यंतचे रबरी बूट चढवून तळ्यात उतरला आणि गळ फिरवत राहिला. दुपारी बोट लागली.

ती तशीच चिखलासकट डॉरीनच्या दारात नेली. तिच्यासमोर झाकण उघडलं. ओल कळावी म्हणून लेननं आत टिश्यू कागदाची घडी ठेवली होती. कागद खडखडीत कोरडा होता.

डॉरीननं तो गालाला लावला. "मग बुडाली कशानं?"

"माझ्या स्विचनं. लेनच्या रेडिओवर तपासलाच नाही मी."

"काल तळ्यावर ठाऊक होतं तुला?"

नाही म्हणणं सोपं होतं. बाईला काय कळणार होतं? "होतं," अर्नी म्हणाला.

तिनं झाकण लावून बोट त्याच्या हातात दिली. "मला सांगून काय उपयोग? मी कधी त्याला गळका म्हटलं? रविवारी घेऊन ये. आणि येताना तोंडही घेऊन ये."

त्यानं संदेश तुटला की लेनच्या रेडिओनं हुकूम बदलून 'वर ये' म्हणावं अशी सोय केली. लेनच्याच रेडिओवर तपासली, पुन्हा पुन्हा, बायको वैतागेपर्यंत. रविवारी किटलीतला चहा ओतायच्या आत सगळ्यांसमोर सांगून टाकलं. सिरिल पुटपुटला, "अरे, मग त्या दिवशीच बोलायचं होतंस की." त्याचंही बरोबरच होतं.

मग बोट सोडली. ती खाली गेली तसा अर्नीनं मुद्दाम हातातला रेडिओ बंद केला. थोड्या वेळानं बेटाजवळ पाणी फुगलं आणि बोट वर आली. म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, कुणी अर्नीची पाठ थोपटली. त्याला ती थाप सोसवेना.

डॉरीननं बोट पुसली, उघडली, कोरडा कागद एकेकाच्या हातात देऊन फिरवला. सिरिलच्या हातात जरा जास्त वेळ ठेवला. मग अर्नीजवळ येऊन हळूच म्हणाली, "आठवडाभर माझा नवरा गळका होता, अर्नी. बेकरीत, चर्चमध्ये, सगळीकडे. तो आठवडा कसा पुसायचा, तेवढं सांग."

अर्नीच्या हातात बोट पुसलेला ओला पंचा होता. तो त्यानं पिळला, झटकला, पुन्हा पिळला.