हिर्डोशी ते लंडन

मंडळी, घरात आम्ही दोघंच, बाप आणि लेक. आज लेक नोकरीसाठी लंडनला गेली.

सकाळी मुंबईहून विमान सुटलं. मी इकडे गावी, हिर्डोशीत, ओट्यावर मोबाईल घेऊन बसलो. नकाशावर ते चिमुकलं विमान समुद्रावरून सरकताना दिसत होतं.

शेजारच्या सखूवहिनी सुपात नाचणी पाखडत होत्या. म्हणाल्या, "भावजी, किती लांब हाय वो ते?"

"सात हजारांवर किलोमीटर. नऊ-दहा तास लागतात."

"दहाच तास? मंग जवळच हाय की! आमची कमल वेल्ह्याला दिली. भोरची यस्टी चुकली की तितं पोचायला दिस मावळतो. पण मनात आलं की म्या भाकरी बांधून निघती. तुमी कवा जाणार?"

व्हिसा, तिकीट, माझे गुडघे, काय काय सांगणार? नुसतं "बघू" म्हणालो. वहिनींना कळलं असावं. दिवसभर हातातलं काम टाकून त्या येत राहिल्या. "आता कुठवर गेली पोर?"

संध्याकाळी विमान उतरलं. लेकीचा मेसेज आला, "आण्णा, पोचले." वहिनींनी हात जोडले आणि चूल पेटवायला घरी गेल्या.

खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. पण विमान उडत होतं तोवर लेक अजून वाटेत आहे, असं वाटत होतं. ते उतरलं आणि ती खरंच गेली.

ज्यांची मुलं अशी लांब गेलीत त्यांना विचारतो, पहिल्या संध्याकाळी घरात तुम्ही कुणाशी बोललात?