मेंढरांनी पास केलेलं पाचट

पाचटाचं आणि किश्श्यांचं एकच आहे. दोन्ही फुकट मिळतात, ढीग लागतो आणि वेळेत हलवले नाहीत तर कुजतात! आमच्या कारखान्यात दोन्ही भरपूर.

इंदापूर रस्त्याला आमचा छोटा कारखाना. उसाचं वाळलेलं पाचट, सूर्यफुलाची धाटं असलं काय काय दळायचं, दाबून बोटाएवढ्या कांड्या करायच्या आणि कंटेनरनं परदेशी धाडायच्या. तिकडं त्या कोळशाऐवजी जाळतात. मी एक्स्पोर्टचे कागद बघतो आणि तिकडचा तपासणीसाहेब आला की दुभाष्या होतो.

*

पिंपळीचे एक आबा दरवर्षी पाचट पेटवून द्यायचे. त्यांना मी तासभर सगळं समजावलं.

"म्हंजी तितं नेऊन जाळणारच न्हवं?"

"होय आबा."

"मग मी हितंच जाळतो. पैसं तेवढं पाठवा म्हनावं!"

*

साहेब पहिल्यांदा येणार होता त्या सकाळी झाडलोट करणाऱ्या शांताक्कांनी पाहुणा येतोय म्हणून अंगणभर सडा घातला. अंगणात कांड्या वाळत होत्या! पाणी लागल्याबरोबर त्या फुगून भुसा झाल्या.

"हे काय?" साहेबानं विचारलं.

मशीनवाले रफिकभाई पुढं झाले. "सांगा त्येंला, पाणी लागल्यावर काय हुतं त्ये दावाया मुद्दाम ठिवलंय!"

साहेबानं खूश होऊन फोटो काढला.

*

माल कुठल्या शेतातला, हे साहेबाला नकाशावर लागतं. पळसदेवच्या एका शेताचं लोकेशन टाकलं तर निशाणी थेट उजनीच्या पाण्यात!

"हे शेत धरणात आहे," साहेब म्हणाला.

"आत्ता हाय," शेतकरी म्हणाला. "उन्हाळ्यात या, बांधावर बसून च्या पिऊ!"

*

आता बिरूतात्या. आमचे वॉचमन. घरचे सगळे शेतीला लागले, तात्यांनी मात्र चाळीस मेंढरं सोडली नाहीत. प्रत्येकीला तोंडावरनं ओळखतात. एकदा बाजारात दुसऱ्याच्या कळपातून स्वतःची मेंढी त्यांनी कान धरून बाहेर काढली होती.

साहेबाचा नियम असा, की जनावर जे खातं ते जाळायचं नाही. पाचट कुणी खात नाही म्हटलं, तर म्हणाला, "पुरावा?"

तात्यांनी मेंढरं आणली. मेंढरांनी पाचट हुंगलं आणि पाठ फिरवली. साहेब इतका खूश, की दर कंटेनरआधी ही चाचणी घ्यायची असं त्यानं लिहूनच टाकलं. रफिकभाई म्हणाले, "तात्या, आता तुमी क्वालिटी मॅनेजर!"

*

परवा साहेब स्वतः चाचणीला हजर. वर्षाची ऑर्डर त्याच्या एका सहीवर. सही नाही तर मशीन बंद आणि आम्ही सगळे घरी.

तात्यांनी मेंढरं सोडली. एकेक हुंगून मागं फिरली. शेवटी आली सोनी. आई मेली तेव्हा तात्यांनी तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं, ती सोनी. थांबली. पाचटाचा घास घेतला आणि निवांत चावायला लागली!

साहेबाचं पेन थांबलं. रफिकभाईंनी डोळे मिटले.

तात्या सावकाश गेले, सोनीची हनुवटी वर केली आणि बराच वेळ तिचं तोंड निरखलं. सोनीनं त्यांच्या हाताला डोकं घासलं.

"ही आपली न्हाय, साहेब," तात्या म्हणाले. "निरवांगीच्या कुनाची तरी मिसळलीया!"