गादीवालीची परवानगी

गादीवाली नवी नवरी होती, तेव्हा तिने स्वयंपाकघरातून सासू-सासऱ्यांचं भांडण ऐकलं होतं. सासरे कडाडले, "दार वाजलं की आधी कोण म्हणून विचारत जा!" सासू फणकारली, "माणूस दारात ताटकळत ठेवून चौकशा करू? घर आहे की जकात नाका?" सून गालातल्या गालात हसली आणि जन्मभरासाठी सासूच्या बाजूची झाली.

तिचा धंदा गाद्यांचा. जुनी गादी उसवायची, कापूस पिंजायचा, नव्या खोळीत भरून टाके घालायचे. मागच्या खोलीत धाकटा दीर पंखे दुरुस्त करी. नवरा गेल्यापासून तोच तिचा आधार, आणि तिच्या चहाला नावं ठेवणाराही तोच.

एका सकाळी दारात दोन पोलीस. त्यातले साहेब मोठे गोडबोले. "मावशी, घर जरा बघितलं तर चालेल?"

"बघा की! पसारा तेवढा पोटात घाला."

पसारा कसला पोटात घालतात, त्यांनी गाद्यांचीच पोटं फाडली. कुठल्याशा गोदामातून पंखे चोरीला गेले होते आणि मागच्या खोलीत तर पंखेच पंखे. दिराला दंडाला धरून नेलं, पायात चप्पलसुद्धा घालू दिली नाही. गादीवाली केसांत कापूस घेऊन तशीच उभी.

मग ती तडक एका वकीलबाईंकडे गेली. त्यांनी विचारलं, "झडतीचा हुकूम दाखवला?"

"कसला हुकूम?"

"न्यायालयाचा. तशीच निकड नसेल तर त्याच्याशिवाय आत शिरता येत नाही त्यांना. पण तुम्ही हो म्हणालात ना?"

"अहो, दारात आलेल्याला नाही कसं म्हणायचं?"

"म्हणायचं, मावशी. तो हक्क आहे तुमचा."

म्हणजे भावजींना तिनेच धरून दिलं होतं! तिने विचारलं, "आता सोडतील का हो?"

"नुसत्या संशयावर कोंडून ठेवता येत नाही. कारण सांगावं लागतं, उद्या न्यायाधीशापुढे उभं करावं लागतं."

दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांनी विचारलं, यातला चोरीचा पंखा कोणता? साहेबांना एकही दाखवता येईना. गिऱ्हाइकं मात्र आपापला पंखा ओळखायला हजर. दीर सुटला.

"भावजी, मीच हो म्हणाले त्यांना."

"कळलं. चहा नाही ना पाजलात? नाहीतर जन्मठेपच होती माझी."

तिला हसू आलं नाही. पण एक गादी त्याच संध्याकाळी पोहोचवायची होती. तिने कापूस गोळा केला, खोळ शिवली. पुढचं टोक दिराने धरलं, मागचं तिने. पुढे काही दिवसांनी तिच्या गुडघ्यांनी दगा दिला, म्हणून ती तिची शेवटची खेप ठरली. पण त्या संध्याकाळी गिऱ्हाइकाच्या जिन्यात ती नेहमीसारखीच ओरडली, "भावजी, कोपरा सांभाळा, भिंतीला घासेल!"