समोरच्याचा कागद

शिरपूरच्या बसस्टँडबाहेर कडुनिंबाखाली एक बाई छोटा प्रिंटर मांडून गाड्यांचा विमा काढून देते. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. कागद निघाला की ती तळहातानं तो दोनदा सारखा करते, मग "जपून जाजा" म्हणत हातात ठेवते.

मोटरसायकलचा विमा संपला म्हणून पोलिसानं अडवलं, तेव्हा मी तणतणतच तिच्याकडे गेलो.

"कायद्यापुरता, सगळ्यात स्वस्त काढा. माही गाडी फुटली तर यात मले काय भेटन?"

"काईच नाही. तुमच्या गाडीनं समोरच्याले लागलं, तर त्याले भेटते."

"मंग मी कायले भरू?"

ती कागद सारखा करत राहिली. "माह्या पोरींचा बाप समोरचाच होता, भाऊ. पायी घरी येऊन राह्यला होता, तवा गाडीखाली गेला. धडक देनाऱ्यानं हा कागद काढेल होता, म्हनून पोरी शिकून राह्यल्या. जपून जाजा."

परतताना डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक म्हातारी रस्ता ओलांडत होती. मी गाडी थांबवली. खिशातल्या कागदावर नाव माझं होतं, पण कागद तिचा होता.