बूस्टची चावी कुणाच्या हातात

मी पत्रकं लिहितो. पाण्याबद्दल, रस्त्यांबद्दल, बंद पडलेल्या मुताऱ्यांबद्दल. पत्रकाचा नियम सोपा असतो: चूक कुणाची ते पहिल्या चार ओळींत सांगायचं आणि नंतर मागे हटायचं नाही. त्या नियमाप्रमाणे सांगतो, या प्रकरणात चूक माझी आहे.

दादाकडे पिकअप आहे. सेकंडहँड, टर्बो डिझेल, हौद्यात लाकडी माळा ठोकलेला. खाली मेंढरं, वर शेळ्या. आमचं घर मूळचं सांगोल्याकडचं, मेंढरांमागं फिरणारं. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, कळप मोडला आणि सोलापुरात विजापूर रोडच्या मागे दोन खोल्या बांधल्या, तेव्हा दादा दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून लागला. नऊ वर्षं तो ड्रायव्हर होता. मालक दिवसातून दहा वेळा फोन करायचा आणि एकच प्रश्न विचारायचा, "कुठं आहेस?" स्वतःची गाडी दारात आली त्या दिवशी दादाने फोन बंद करून उशीखाली ठेवला आणि दुपारपर्यंत झोपला. या गाडीचं इंजिन गेलं तर दुसरं बसवण्याची आमची ताकद नाही. मग दादा पुन्हा कुणाच्या तरी गाडीवर. घरात हे कुणी बोलत नसे.

गाडीची तक्रार एकच होती. मंगळवेढ्याच्या अलीकडे एक चढ आहे. घाट वगैरे नाही, पण भरलेली गाडी तिथे दम टाकते. गाडी पळती असली की जनावराला वारा लागतो. रांगायला लागली की खालची मेंढरं जिभा बाहेर काढतात. दादाला थोडी ताकद वाढवून हवी होती.

"जनावरं कमी भर," मी म्हणालो.

"पत्रक काढ त्याचं," दादा म्हणाला.

अक्कलकोट रोडला, कारखान्यांच्या मागे, एका मिस्त्रीचं गॅरेज आहे. मिस्त्री पूर्वी टॉवेलच्या मागांवर जॉबर होता, म्हणजे बिघडलेला माग चालू करून देणारा माणूस. घरी तेलुगू बोलतो, गॅरेजात मराठी, आणि इंजिनासमोर काहीच बोलत नाही, नुसता कान देऊन उभा राहतो. मला तो पुढारी म्हणतो. मी एकदा त्याच्या शटरवर पत्रक चिकटवलं होतं, तेव्हापासून.

"बगा पुढारी," तो म्हणाला, "इंजिनाचा धूर वाया जातो. त्या धुरावर टर्बोचं चक्र फिरतं आन इंजिनात वारं कोंबतं. वारं जादा, ताकद जादा. पण लई कोंबलं तर इंजिन फुटतं. म्हणून धुराच्या वाटंवर झडप असती. वाऱ्याचं प्रेशर वाढलं की ह्या बारक्या नळीतनं झडपंला कळतं. झडप उघडती, धूर बाजूनं निघून जातो, चक्र मंदावतं."

"मग ताकद वाढवायला तुम्ही बसवता तो बूस्ट कंट्रोलर काय करतो?"

"त्या बारक्या नळीत बसतो आन झडपंला उशिरा कळवतो."

म्हणजे बातमी दाबून ठेवतो. बातमी दाबणाऱ्यांविरुद्ध मी अर्ध्या सोलापूरच्या भिंती रंगवल्या आहेत. इथे मी मान डोलावली.

मिस्त्रीने टेबलावर दोन वस्तू ठेवल्या. एक मॅन्युअल: अंगठ्याएवढी पितळी नळी, आत स्प्रिंग आणि गोळी, मागे फिरवायची मूठ. दुसरा इलेक्ट्रॉनिक: आकडे दाखवणारा काळा डबा, चार वायरी, आणि नळीत बसवायची विजेवर चालणारी झडप.

"पितळी स्वस्त हाय, कदी बंद पडत न्हाय," मिस्त्री म्हणाला. "पण स्प्रिंगला आकडा कळत न्हाय. गार वारं जड असतं, दुपारी लावलेलं पहाटं जादा भरतं. ह्या डब्यात आकडा टाकला की आकडा तोच. दुपार असू द्या नायतर पहाट. वर जायला लागलं की आपणहून सोडून देतं. आन लॉक लागतं."

दादा माझ्याकडे बघू लागला. मी लिहितो म्हणजे मला कळतं, असा त्याचा समज आहे. तो मी कधीच दूर केलेला नाही.

आता त्या दिवसांत आमच्या वसाहतीत काय चाललं होतं ते सांगायला हवं. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी येतं. पूर्वी टाकीवर एक चावीवाला होता. लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून यायचा. पाणी कमी सोडलं तर त्याला गाठता यायचं, भांडता यायचं, एखाद्या सणाला त्याच्या हातावर जिलेबी ठेवून अर्धा तास वाढवून घेता यायचा. वसाहतीच्या कमिटीने त्याला काढलं आणि ऑटोमॅटिक व्हॉल्व्ह बसवला. पाणी तेवढंच. फक्त आता कमी आलं की कमिटी म्हणायची, मशीन ठरवतं. मी पाठोपाठ तीन पत्रकं काढली. "डब्याला जाब कोण विचारणार?" हे तिसऱ्याचं शीर्षक. नवी पेठेतल्या प्रेसवाल्याने मोठ्या टायपात छापून दिलं होतं.

मी मिस्त्रीला तेच ऐकवलं. पितळी वस्तू दिसते, हाताला लागते, बिघडली तर उघडून बघता येते. डब्यात कोण बसलंय कुणास ठाऊक. चावी माणसाच्या हातात पाहिजे.

"बरं," मिस्त्री म्हणाला. "माझी काय गाडी हाय व्हय."

तिथेच थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण पितळी कंट्रोलर बॉनेटखाली बसणार हे मला पसंत पडलं नाही. मी म्हणालो, तो आत केबिनमध्ये घ्या, समोर, सगळ्यांना दिसेल असा.

"नळी लांब झाली की झडपंला आणिक उशिरा कळतं. झटका बसंल."

"दिसायला पाहिजे."

"पुढारी, इंजिन हाय हे. ग्रामसभा न्हाय."

"बसवा ओ समोर," दादा म्हणाला. "तो म्हणतोय तर."

मिस्त्रीने बसवला. ऐन दुपार, शिवरात्र होऊन गेलेली, पत्रा हाताला चटका देत होता. दोन आटे आत घेतला, चक्कर मारून आला, कान दिला, मुठीवर लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला. "हितनं म्होरं न्यायचा न्हाय." प्रेशरचं मीटरही लावून घ्या म्हणत होता. पुढच्या खेपंला, असं दादा म्हणाला.

आठ दिवस गाडी अशी चढली की दादा जेवताना चढाचंच बोलत होता. कुठल्या गिअरला गेला, मेंढरं कशी गप उभी होती. मीही ताटावर बसून मान डोलवायचो. सल्ला माझा होता.

आमच्या घरात एक खोड आहे. वसाहतीत पाणी येतं ते प्रेशरशिवाय, करंगळीएवढं. म्हणून येता-जाता ज्याला कॉक दिसेल तो अर्धा आटा उघडतो. आधीच पूर्ण उघडा असला तरी हात लावून खात्री करतो. अण्णा करतात, वहिनी करते, मी करतो. शेजारी गेलो तरी त्यांच्या कॉकला हात जातो, ते काही म्हणत नाहीत, तेही आमच्याकडे तेच करतात. अख्ख्या वसाहतीचं मनगट एकाच बाजूला वळलेलं आहे. अशा घरातल्या गाडीत, डोळ्यांसमोर, प्रेशरची एक मूठ बसवून द्या असं सांगणारा माणूस मी.

नवव्या किंवा दहाव्या दिवशी सांगोल्याच्या बाजाराला माल पोचवायचा होता. दादाचा सोबती आला नव्हता, म्हणून मी बसलो. पहाटे हवेत गारवा होता. चढ लागला, दादाने पाय दिला, आणि गाडी आजवर कधी गेली नव्हती तशी सुटली. पुढून शिट्टीसारखा आवाज आला, तो वाढत गेला, मग धाडकन सगळं गळालं. समोर पिवळा दिवा. दादा पाय दाबत होता आणि गाडी बैलगाडीच्या चालीने चालली होती.

त्याने कडेला घेतली, बंद केली, बॉनेट उघडून उभा राहिला. मी मिस्त्रीला फोन लावला.

"मूठ सुटंस्तोवर उलटी फिरवा, आन आटे मोजा," मिस्त्री म्हणाला.

मी मोजले. साडेचार.

"मी दोन दिल्ते."

"हो."

पलीकडे मिस्त्रीने कुणाला तरी पाना खाली ठेवायला सांगितलं. मग, "एकच आटा परत द्या आन चालू करून बघा. हळू या. तिकडं मालाचं काय ते बघा, पण पाय देऊ नका."

खालची मेंढरं धापा टाकत होती. आम्ही ती उतरवली. ती लगेच चरायला लागली. दादाने एक सुद्धा मोजली नाही. नुसती नजर फिरवली आणि परत चढवली. सांगोल्याला आम्ही पोचलो तेव्हा बाजार अर्धा उठला होता. तिथून गॅरेजपर्यंत दादा गाणं न लावता आला.

मिस्त्रीने नळ्या काढल्या, आत बोट फिरवून तेल बघितलं, इंजिन चालू केलं आणि लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावून मूठ कानाला लावली. दादा शटरबाहेर पाठमोरा उभा होता. त्याने फोन काढला, नावं सरकवली. पडद्यावर जुन्या मालकाचं नाव होतं. त्याने ते बघितलं, फोन परत खिशात ठेवला, पुन्हा काढला. मी इतकी आंदोलनं केली, पण एखाद्या माणसाच्या पाठीकडे बघायला एवढं जड कधी गेलं नव्हतं.

"वाचलं," मिस्त्री म्हणाला.

दादा वळला नाही. "कशानं?"

"तुमच्या गाडीच्या कॉम्प्युटरनं. प्रेशर हद्दीबाहेर गेलं म्हणून त्यानं डिझेल तोडलं. तुमच्या घरात अक्कल त्याला एकट्यालाच हाय." मग माझ्याकडे बघून, "अडीच आटे जादा. कुणी फिरवला?"

घरी चौकशी झाली. अण्णा म्हणाले, "मी आपला अर्धाच. दारात उभी व्हती गाडी, बसलो व्हतो जरा." वहिनी म्हणाली, "पुसताना सैल लागला, म्हणून अर्धा आवळला. गाडीत सैल असू नये की काही." मी दोनदा अर्धा-अर्धा फिरवला होता, एकदा तर केबिनमध्ये बसून पत्रकाचा मजकूर लिहिताना, डाव्या हाताने. हे मी सांगितलं. ते दोन आटे झाले. अजून अर्धा उरत होता. दादा मोरीत हात धूत होता आणि बराच वेळ धूत राहिला.

आता माझं मत. वसाहतीच्या टाकीवरचा डबा चूकच आहे, आणि चौथं पत्रक निघेल. तिथे पाणी किती सोडायचं हा माणसांमधला वाद आहे, तो माणसांनीच घालायचा. टर्बो वाद घालत नाही. त्याला जिलेबी चालत नाही. त्याला किती हवं हे लोखंड ठरवतं, आणि लोखंडाला आमच्या घरातल्या चौघांच्या मताशी देणंघेणं नाही. ज्याच्या घरात एकच माणूस बॉनेट उघडतो आणि मीटर बघून चालवतो, त्याने पितळी बसवावा, त्यात वाईट काही नाही. आम्ही तसले लोक नाही. हे मला गॅरेजात पहिल्या दिवशी माहीत होतं. मी माझंच तिसरं पत्रक ऐकत बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी दादा एकटाच गॅरेजात गेला. काळा डबा बसवून आला. मिस्त्रीने आकडा विचारला तेव्हा त्याने पितळीच्या दोन आट्यांत मिळत होता त्याहूनही कमी सांगितला. लॉकचा नंबर कुणाला दिला नाही. वहिनीलाही नाही. अण्णा दोन दिवस रुसले.

पुढच्या आठवड्यात सोबती पुन्हा आला नाही, म्हणून मी पुन्हा बसलो. माल थोडा कमी भरला होता, दादाने तसं काही सांगितलं नाही, मला दिसलं. चढ लागला. डब्यावर आकडा वर चढला, एका जागी थांबला, हलेना. गाडी गेली, पण हळू. मागून एक पिकअप आला, हॉर्न वाजवत, आमच्याहून दुप्पट माळे, ड्रायव्हरने खिडकीतून हात काढून आम्हाला टाटा केला.

"वाढव की जरा," मी म्हणालो.

"तो ड्रायव्हर हाय," दादा म्हणाला. "त्याची थोडीच हाय गाडी." आणि तिसरा गिअर टाकला.